मास्तरांचा इंच

टॅबलेट या वस्तूबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं. पस्तीस वर्षं मी सातपूरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिले, त्यातली पहिली सहा वर्षं तर पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून. अशा माणसाला काचेवर बोट फिरवून चालणारं यंत्र उथळ वाटणारच. जेवताना लहान मुलांना कार्टून दाखवायची वस्तू, एवढीच माझी समजूत. गेल्या ऑगस्टमध्ये ती बदलली. ज्यांच्यामुळे बदलली ते नजीर मास्तर तेव्हा फक्त एक शब्द बोलू शकत होते.

मास्तर म्हणजे नाशिक रोडला स्टेशनच्या मागच्या गल्लीतले जेंट्स टेलर. पुढे दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या. नोटांच्या प्रेसमधल्या कितीतरी लोकांच्या पँटी त्यांनी शिवल्या. माझ्याही शिवल्या. मी तेव्हा नाशिक रोडलाच राहायचो. कारखान्याच्या बसमधून उतरलो की लायब्ररीचं पुस्तक बगलेत धरून त्यांच्या दुकानात जाऊन बसायचो. चार माणसांत मला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. पण मास्तरांची नजर कापडावर असायची, माझ्याकडे नसायची, त्यामुळे तिथे मला बोलता यायचं. वाचलेली गोष्ट मी सांगायचो आणि ते कात्री न थांबवता विचारायचे, "मग त्या बाईनं पत्र उघडलं की नाही?"

त्या दुकानाचं मला आणखी एक आकर्षण होतं. मास्तर माप घेताना मोठ्यानं सांगत आणि त्यांची मुलगी तरन्नुम वहीत लिहून घेई. पँटचं माप असेल तर नुसते सहा आकडे. लांबी, कंबर, सीट, मांडी, गुडघा आणि खालच्या घेराची मोहरी ही नावं वहीत कुठेच नसत. आकडा कितव्या जागी आहे यावरून तो कशाचा हे कळायचं. आमच्या कार्डांची पद्धत हुबेहूब हीच होती, पहिल्या सहा रकान्यांत सुट्या भागाचा नंबर, पुढच्या चारांत नग, नावं डोक्यात. मी एकदा भीतभीतच त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तुमच्या साहेबांनी आमच्याकडून उचललं."

फेब्रुवारीत मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय आणि हात चार-पाच महिन्यांत बरेचसे सुधारले. कात्री चालवण्याइतका जोर आला नाही, पण टेप धरता येऊ लागला. बोलणं मात्र गेलं. समजायचं सगळं, आणि तोंडातून यायचं फक्त "बरोबर." चहा हवा असला तरी बरोबर, नको असला तरी बरोबर. चिडले की तोच शब्द तीनदा. आकड्यांचं तर त्याहून अवघड. मनात चाळीस असताना हात कागदावर बारा लिहायचा, आणि आपलं चुकलं हे त्यांना लगेच दिसायचं. ते मला बघवत नसे.

दुकान तरन्नुमनं धरून ठेवलं होतं. कापणं, शिवणं दोन्ही ती वडिलांच्या तोडीचं करते. अडलं ते मापाशी. साठीच्या पुढची गिऱ्हाइकं तिच्या हातात टेप दिसला की एकदम काहीतरी काम आठवून निघून जायची, ती परत येत नसत. जुलैच्या शेवटी ती मला म्हणाली, "काका, एक सप्टेंबरला पेंटर बोलावलाय. बोर्डावरचं जेंट्स काढून लेडीज करून घेते. ब्लाउज, ड्रेस रोज येतात. अब्बा घरीच आराम करतील."

दुकान बंद पडणार नव्हतं. ते मास्तरांचं राहणार नव्हतं, एवढंच. मागच्या खोलीत पलंगावर बसून ते सगळं ऐकत होते. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. अशा वेळी माणसं एकमेकांना काय म्हणतात ते मला आजवर जमलेलं नाही. म्हणून मी म्हणालो, "मी एक प्रोग्राम करून बघू का?"

हे माझ्या तोंडून कसं निघालं कुणास ठाऊक. निवृत्त होऊन चौदा वर्षं झालेली. मोबाइलमध्ये काढलेले फोटो कुठे जातात हेसुद्धा मला सुनेला विचारावं लागतं. इंदिरानगरला घरी परत येईपर्यंत बसमध्ये मी मनातल्या मनात ते वाक्य निदान वीस वेळा मागे घेतलं.

सून शुभांगी शाळेत शिकवते. करोनात ऑनलाइन वर्गांसाठी घेतलेला दहा इंची टॅबलेट तिच्या कपाटात साड्यांखाली पडून होता. तिनं तो झटकून माझ्या हातात दिला. "घेऊन जा बाबा. पासवर्ड तेजलचा वाढदिवस आहे. नातीचा वाढदिवस तरी पाठ आहे ना?" तिनंच त्यावर न बोलू शकणाऱ्या माणसांसाठीचा एक तयार प्रोग्राम चढवून दिला. चित्रावर बोट ठेवलं की आवाज येतो.

दुसऱ्या दिवशी तो मास्तरांपुढे ठेवला. त्यांनी बराच विचार करून ताटाच्या चित्रावर बोट ठेवलं. एका तरुण बाईचा गोड आवाज आला, "मुझे भूख लगी है."

मास्तरांच्या पत्नी ताहेराभाभी दारात कांदा चिरत होत्या. म्हणाल्या, "भाईसाहेब, बेचाळीस वर्षांत या माणसानं भूक लागली असं एकदा म्हटलं नाही. नुसतं पातेल्याकडे बघायचं. आता मागतोय, तेही बाईच्या आवाजात."

"बरोबर," मास्तर म्हणाले, आणि सगळे हसले. तेही हसले. पण त्यांनी दुसऱ्या कुठल्या चित्राला हात लावला नाही. मला कळलं ते एवढंच, की भूक सांगायला त्यांना यंत्राची गरज नव्हती, भाभी तिथेच होत्या. त्यांना काम हवं होतं.

मग मी शिकायला बसलो. बहात्तराव्या वर्षी. पुस्तकं होती, इंटरनेटवर धडे होते. पहिले चार दिवस काहीच कळलं नाही. पाचव्या दिवशी काचेवर एक निळा चौकोन उमटला, आणि मी त्याला बोट लावलं तसा तो लाल झाला. मी तो पुन्हा निळा केला. पुन्हा लाल. शुभांगी चहा घेऊन आली तेव्हा मी ते तिला तीनदा दाखवलं.

"छान आहे बाबा," ती म्हणाली. "आता चहा घ्या, तोही निळा होईल."

तिला कसं सांगू? आमच्या वेळी मी सोमवारी कार्डांचा गठ्ठा द्यायचो आणि उत्तर गुरुवारी यायचं. त्यातही एखादं भोक चुकलेलं असलं की पुढचा गुरुवार. नंतर टेबलावरचे कॉम्प्युटर आले, उत्तर लगेच यायला लागलं, पण हात कळांवर आणि नजर पडद्यावर, अशी फारकत राहिलीच. इथे जिथे बघायचं तिथेच बोट ठेवायचं. मध्ये काही नाही. तवा तापलाय का हे बाई हात जवळ नेऊन बघते, तितकं सरळ. आयुष्यभर मी ज्या धंद्यात होतो तो मला नव्यानं सापडला, असं वाटायला लागलं.

तीन आठवड्यांत माझा पहिला प्रोग्राम तयार झाला. शून्य ते नऊ अशी दहा मोठी बटणं, दशांश चिन्हाचं एक आणि खाली "सांग" असं एक. मास्तरांनी आकडा दाबायचा, टॅबलेटनं तो बोलायचा. मला तो फार सुबक वाटला होता. ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी मी तो घेऊन गेलो. मास्तरांनी माझ्या दंडाला टेप लावला, साडेबारावर नख रोवलं, आणि टॅबलेटकडे बघत राहिले. मग नऊ दाबलं. पुसलं. चार दाबलं. दशांश चिन्हाच्या त्या ठिपक्याकडे तर ते मुंगी आल्यासारखे बघत होते.

"काका, अब्बांनी जन्मात बारा पॉइंट पाच म्हटलेलं नाही," तरन्नुम हळूच म्हणाली. "आमच्याकडे सव्वा, साडे आणि पावणे."

ही चूक माझ्यासारखाच माणूस करू शकतो. चाळीस वर्षं मी त्या दुकानात मापं ऐकली होती, आणि प्रोग्राम करताना मात्र कारखान्यातला झालो.

"बरोबर, बरोबर, बरोबर," मास्तर म्हणाले आणि त्यांनी टॅबलेट दूर सारला. मी तो पिशवीत घालायला लागलो. तेवढ्यात त्यांनी माझी बाही ओढली. टेपवर रोवलेलं नख अजून तसंच होतं. ते त्यांनी माझ्या डोळ्यांपुढे धरलं. हे काय, एवढंही दिसत नाही का, असा चेहरा.

दिसलं. साडेबारा. त्यांना त्या जागेचं नाव सांगता येत नव्हतं, जागा पक्की ठाऊक होती. ती माझ्यापुढे धरलेली होती आणि मी त्यांना बटणं दाबायला लावत होतो.

"तरन्नुम," मी म्हणालो, "मी काचेवर टेपच काढतो. बटणं नकोतच. हा टेप काचेवर ठेवायचा आणि खालचा टेप सरकवून याच्याशी जुळवायचा. आकडा वाचायचा नाही, नुसता जुळवायचा आणि नखापाशी टिचकी मारायची. बोलेल टॅबलेट." मी इतकं सलग कधी बोललो नव्हतो. ताहेराभाभी चाळणी हातात घेऊन बाहेर आल्या, कोण आलंय ते बघायला.

तरन्नुम माझ्याकडे बघत होती. "काका, एकतीस तारखेचा रविवार आहे. सावळीरामकाकांना बोलावते. दोन पँटी टाकायच्यात, माझ्याकडे माप देत नाहीत, रेडिमेड घालत नाहीत. अब्बांना जमलं तर बोर्ड राहील. नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी पेंटर येतोच आहे." मग वडिलांकडे बघून तिनं विचारलं, "अब्बा, चालेल?"

मास्तरांनी मान हलवली. होकार होता की भीती होती, मला सांगता यायचं नाही.

दोन आठवडे हातात होते. टेप काढणं अवघड गेलं नाही. पिवळी पट्टी, काळ्या रेघा, साठ इंच, बोटानं डावीउजवीकडे सरकणारी. अवघड होता तो आवाज. तयार आवाज "साडेबारा" म्हणताना मध्येच श्वास घ्यायचे. आपल्या भाषेत प्रत्येक आकड्याचं नाव स्वतंत्र, दीड आणि अडीच तर कुठल्याच नियमात बसत नाहीत. शेवटी ठरवलं की पाव इंचापासून साठपर्यंत सगळं एकदा बोलून ठेवायचं. दोनशे चाळीस मापं. कुणाचा आवाज घ्यायचा? महेशला, माझ्या मुलाला विचारलं. तो फोनवर म्हणाला, "बाबा, तुम्हीच करा ना." मला माझा आवाज आवडत नाही. पण वेळ नव्हता. बाहेरचा गोंगाट येऊ नये म्हणून दुपारी खोलीचं दार लावून मी डोक्यावरून दुलई घेतली आणि बोलायला सुरुवात केली. शुभांगी शाळेतून आली, तिनं दार उघडलं.

"बाबा, बरं वाटत नाहीये का?"

"पावणेअठ्ठावीस," मी आतून म्हणालो.

ती दार लावून गेली. रात्री जेवताना तिनं तेजलला सांगितलं की आजोबांना आता मोजून वाढायचं.

रविवारच्या आधीच्या मंगळवारी मी नवा प्रोग्राम घेऊन गेलो. बसमध्ये टॅबलेट मांडीवर ठेवून सारखा उघडून बघत होतो. कंडक्टरच्या हातातलं तिकीट काढायचं यंत्रही मला त्या दिवशी वेगळं दिसलं. तो त्याच्याकडे न बघता अंगठ्यानं तिकीट काढत होता आणि तोंडानं एका बाईशी सुट्यावरून भांडत होता. यंत्र असं असायला हवं, की माणसाला भांडायला मोकळीक मिळाली पाहिजे.

मास्तरांनी काचेवरची पिवळी पट्टी बघितली आणि त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी ती बोटानं सरकवली. तिसावर टिचकी मारली, माझा आवाज आला, "तीस." भाभी म्हणाल्या, "अगंबाई, भाईसाहेबांना आवाज आहे." मास्तरांनी गळ्यातला टेप काढला, काचेवर पसरला, माझ्या टेपच्या तिसावर त्यांचा तीस ठेवला. मग वाकून दुसऱ्या टोकाकडे बघितलं.

त्यांचं हसू गेलं. त्यांनी टेप उचलला, पुन्हा ठेवला. पुन्हा बघितलं. माझ्याकडे एकदा बघितलं, त्या नजरेत राग नव्हता, कुणीतरी फसवल्यावर येते तसली निराशा होती. "बरोबर," ते मान हलवत म्हणाले, आणि त्यांनी टॅबलेट पालथा ठेवला.

मी विचारलं, तरन्नुमनं विचारलं. त्यांना सांगता येईना. दोनदा त्यांनी टॅबलेटकडे बोट केलं आणि हात झटकला. मग उठून मागच्या खोलीत गेले.

परतीच्या प्रवासात मी पूर्ण खचलो. वाटलं, आजारी माणसाला आशा लावून मी त्याचा दुसऱ्यांदा अपमान केला. एक म्हातारा आपली हौस भागवून घेतोय, एवढाच याचा अर्थ. शुभांगीला सांगून टाकावं की कपाटात ठेव बाई हे पुन्हा.

घरी आल्यावर तेजलच्या दप्तरातली पट्टी दिसली. सहज घेतली आणि काचेवर ठेवली. माझ्या टेपचे आठ इंच पट्टीवर साडेआठ भरत होते.

मी खुर्चीत बसलो. टॅबलेट स्वतःबद्दल एक माहिती देतो, की माझ्या एका इंचात इतके ठिपके आहेत. मी त्यावर विश्वास ठेवून रेघा मारल्या होत्या. पण तो आकडा ढोबळ असतो. चित्रं, अक्षरं साधारण त्या मापाची दिसावीत, एवढ्यापुरता. त्याला अर्ध्या इंचानं काय फरक पडतो? मलाही पडला नव्हता. आठवडाभर तो टेप माझ्या डोळ्यांसमोर होता आणि माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मास्तरांनी एका नजरेत पकडला. इंचाला इंच नसलेली वस्तू त्यांच्या दुकानात कधी आलीच नव्हती, ते कशी चालवून घेतील?

मला इतका आनंद झाला की मी पट्टी हातात घेऊन गॅलरीत गेलो आणि परत आलो. त्यांची बुद्धी शाबूत होती, नुसती शाबूत नव्हती, माझ्यापेक्षा धारदार होती. चूक माझी होती, आणि चूक दुरुस्त करणं हा तर माझा धंदा.

पट्टीनं मोजून आकडा बदलणं सोपं होतं. मी तसं करायला बसलोही. मग विचार आला, पट्टी कुणाची खरी? मास्तरांचा टेप कापडी, वीस वर्षांचा, ओढून ओढून सैल झालेला. पण दुकानातली सगळी मापं, सगळे कागदी नमुने त्याच टेपचे. त्या दुकानात तोच इंच. म्हणून मी प्रोग्राम उघडला की आधी दोन खुणा येतील असं केलं. काचेवर आपला टेप पसरायचा, एक खूण एकवर सरकवायची, दुसरी सातवर. तिथून पुढे टॅबलेट त्या टेपचा इंच धरून चालेल. आणखी एक केलं. बोट उचलल्यावरही पट्टी थोडी घसरत पुढे जायची, दिसायला मजेदार दिसायचं, ते काढून टाकलं. टेप सोडला की तो जागच्या जागी थांबला पाहिजे.

रविवारी दहाला मी पोचलो तर सावळीराम बोराडे आधीच येऊन बसले होते. प्रेसमधून निवृत्त, अंगानं भरलेले, आवाजानं त्याहून.

"काय जी. एस., मास्तरांना मोबाइलचं दुकान काढून देताय का?" सगळे मला आद्याक्षरांनीच ओळखतात. गोटीराम सोमा गांगुर्डे इतकं लांब नाव कारखान्यात कुणी घेत नसे.

"मापासाठी आहे," मी म्हणालो.

"मी पँटला आलोय, प्रयोगाला नाही. आधीच सांगतो."

मास्तर उंच स्टुलावर बसले होते. इस्त्रीचा सदरा घातला होता. मी टॅबलेट कापायच्या टेबलावर, खडू आणि कात्रीच्या मधोमध आडवा ठेवला आणि त्या दोन खुणा दाखवल्या. काही समजावून सांगावं म्हणून तोंड उघडलं, पण त्याआधीच त्यांनी गळ्यातला टेप काढून काचेवर पसरला होता. पहिली खूण एकवर. दुसरी सातवर, केसभर मागे, केसभर पुढे, मग नेमकी. पिवळी पट्टी हलली आणि स्थिर झाली. त्यांनी तीनवर बघितलं. पाचवर बघितलं. पट्टी सरकवून चाळीसवर नेली, तिथेही टेप लावून बघितला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सावळीरामांना बोटानं खूण केली, उभे राहा.

"बूट काढा, काका," तरन्नुम म्हणाली. तिनं वही उघडली होती.

लांबी घेतली. नख रोवलं, टेप काचेवर ठेवला, डाव्या तर्जनीनं पट्टी जुळवली, टिचकी मारली. माझा आवाज आला, "चाळीस." तरन्नुमनं पहिल्या जागी लिहिलं.

"हा जी. एस.चा आवाज ना?" सावळीराम म्हणाले. "आयुष्यभर गप्प राहिला आणि आता टेबलावर ठेवल्यावर बोलतोय."

मग कंबर. टेप पोटाभोवती आला तसं सावळीरामांनी पोट आत ओढून घेतलं, छाती बाहेर, नजर समोर. मास्तरांनी टेप आवळला नाही. सैल धरून ते छतावरच्या पंख्याकडे बघत बसले. अर्धं मिनिट गेलं. सावळीरामांचा चेहरा लाल व्हायला लागला. मास्तर पंख्याकडेच बघत होते. शेवटी सावळीरामांनी श्वास सोडला, पोट जागेवर आलं, आणि त्या क्षणी टेप आवळला गेला.

"सव्वाएकेचाळीस," टॅबलेट म्हणाला.

"छत्तीस लिही, पोरी," सावळीराम म्हणाले. "मशीन बिघडलंय."

मास्तरांनी तर्जनी काचेवर ठेवली, पट्टी जराशी सरकवली आणि टिचकी मारली. "साडेएकेचाळीस."

"अरे, वाढतंय कसं?"

पुन्हा जराशी. "पावणेबेचाळीस."

"बास, मास्तर, बास. पहिलं होतं तेच लिहू द्या. छत्तीसचं काढतच नाही मी."

तरन्नुम वहीवर डोकं टेकवून हसत होती. मागच्या दारातून भाभींचं हसणं ऐकू येत होतं. मास्तरांनी शांतपणे पट्टी सव्वाएकेचाळीसवर परत आणली आणि टिचकी मारली. मी भिंतीला टेकलो. मी फक्त माप सांगणारं यंत्र केलं होतं. चेष्टा कशी करायची हे मी त्यात कुठेच लिहिलं नव्हतं. ती त्यांनी स्वतः केली, पाव पाव इंचानं.

सीट, मांडी, गुडघा, मोहरी. सहा आकडे वहीत एका ओळीत उभे राहिले, नावाशिवाय. तरन्नुमनं ते एकदा बघितले, बराच वेळ बघितले, आणि मग डोळे पुसत मोबाइल उचलला. "पेंटरसाहेब, उद्या या, पण जेंट्स खोडू नका. त्याच्या खाली लेडीज लिहायचंय. हो, खाली. जागा आहे."

फोन ठेवून ती सावळीरामांना म्हणाली, "काका, ट्रायल गुरुवारी."

मास्तरांनी टेबलावर टकटक केलं. ते स्टुलावरून उतरले, भिंत धरत कॅलेंडरपर्यंत गेले, सप्टेंबरचं पान उलटलं, गुरुवारवर ठेवलेलं बोट सावकाश सरकवत पुढच्या ओळीतल्या मंगळवारवर आणलं, आणि वळून सावळीरामांकडे बघितलं.

"पुढचा मंगळवार? दोन पँटींना?" सावळीराम बुटाची नाडी बांधता बांधता थांबले. "झालं. मास्तर बरे झाले."

मी पिशवीतून कागद काढला आणि लिहायला लागलो. वारांची सात बटणं करावीत असं आधी लिहिलं. मग ते खोडलं. मास्तरांना सात पुरणार नव्हती, त्यांना पुढच्या महिन्याच्या तारखा लागणार होत्या.